गव्हावांचून गोडधोड

आपल्या वार्षिक अंकाच्या मराठी विभागांत दरसाल इतिहास, प्रवासवर्णनें व थोरांचीं चरित्रें येत असतात. त्यांत केकाचा व लाडवांचा लेख पाहून कित्येकांस नवल वाटेल, आणि कित्येक मुलगे तर 'हा लेख मुलींसाठीं आहे' असें म्हणून पान उलटूं पाहतील. त्यांनीं तें उलटूं नये. या लेखाच्या पोटांत थोडें रसायनशास्त्र व थोडें शरीरशास्त्र आहे. आणि तें परीक्षेंत कोणी विचारलें नाहीं, तरी वर्गांतील एखाद्या सोबत्याच्या प्रकृतीशीं त्याचा संबंध येऊं शकतो. आम्हांस तो धडा उशिरा व एका मुलीस त्रास देऊन शिकावा लागला.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. वसतिगृहांत सातव्या इयत्तेंत एक मुलगी होती. वयाच्या मानानें बांधा लहान, चेहरा फिका, हातपाय काडीसारखे व पोट मात्र फुगलेलें. महिन्यांतून पांच-सहा दिवस ती आजारीच असावयाची. जंतांचें औषध देऊन झालें, लोहाच्या गोळ्या झाल्या, कशाचा गुण येईना. सुटींत घरीं गेली कीं सुधारून येई. परत आली कीं महिन्याभरांत पुन्हां तेंच. आम्हीं सर्वांनीं त्याचा अर्थ असा लाविला कीं, पोरीस घराची ओढ आहे व दुखण्याचें निमित्त करून ती अभ्यास चुकविते. नाताळच्या मेजवानींत तिनें केकाचा तुकडा पानांत तसाच ठेविला. अन्न टाकूं नये, असें म्हणून आम्हीं जवळ उभे राहून तो तिला खावयास लाविला. तिनें मुकाट्यानें खाल्ला, आणि पुढचे दोन दिवस ती अंथरुणांतून उठली नाहीं.

फेब्रुवारींत तिच्या वडिलांनीं तिला नागपुरास नेलें. तेथील डॉक्टरांनीं रक्त तपासलें, नंतर दुर्बिणीनें लहान आंतड्याचा कण काढून पाहिला, आणि निदान सांगितलें : सीलिॲक रोग. या मुलीच्या शरीरास गहूं चालत नाहीं. घरीं तिची आई दोन्ही वेळां ज्वारीची भाकर करी. वसतिगृहांत दोन्ही वेळां पोळी. घरीं ती बरी कां होत होती, याचा उलगडा त्या एका वाक्यांत झाला. त्या केकाचा घास आम्हांस आजही आठवतो.

हा रोग काय आहे, हें आधीं नीट समजून घेऊं. आपल्या लहान आंतड्याच्या आंतल्या बाजूस मखमलीच्या लवेसारखे असंख्य बारीक अंकुर असतात. अन्नांतील सत्त्व शोषून रक्तांत पोंचविण्याचें काम त्यांचें. कांहीं माणसांच्या शरीराची संरक्षक शक्ति गव्हांतील एका पदार्थास शत्रू समजते, आणि त्याच्याशीं लढतां लढतां आपल्याच आंतड्याचे अंकुर झडवून टाकते. मग मूल कितीही जेवलें तरी अंगीं लागत नाहीं. रक्त कमी होतें, उंची खुंटते, पोट फुगतें, जुलाब होतात. कधीं कधीं पोटाची तक्रार मुळींच नसते व नुसता अशक्तपणाच दिसतो. हा रोग संसर्गानें होत नाहीं. त्याची प्रवृत्ति जन्मतः रक्तांत असते, म्हणून एका मुलास निघाल्यास भावंडांचीही तपासणी करावी असें डॉक्टर सांगतात. जगांत अदमासें शंभर माणसांत एकास तो असतो असें मानितात. आपल्या देशांत तो उत्तरेकडील गहूं खाणाऱ्या प्रांतांत अधिक, दक्षिणेकडे कमी आढळतो. पुष्कळांस तो असूनही कळलेला नसतो. त्यावर औषध नाहीं. पथ्य हेंच औषध, आणि तेंही जन्मभर. परंतु पथ्य पाळलें कीं झडलेले अंकुर पुन्हां उगवतात, व मूल इतर मुलांसारखें वाढूं लागतें.

येथें पालकांस एक गोष्ट आग्रहानें सांगावीशी वाटते. मुलास असा संशय आला म्हणून आपल्याच मनानें गहूं बंद करूं नये. गहूं सोडल्यावर रक्तांतील खुणा हळूहळू नाहींशा होतात, व मग तपासणींत रोग असूनही सांपडत नाहीं. आधीं तपासणी, मग पथ्य.

आतां तो गव्हांतील पदार्थ कोणता? त्याचें नांव ग्लुटेन. हा शब्द लॅटिन भाषेंतला असून त्याचा अर्थ सरस, खळ असा आहे. इटलींतील बोलोन्या येथील बेकारी नांवाच्या पंडितानें तो गव्हाच्या पिठांतून प्रथम वेगळा काढिला. त्याची हकीकत १७४५ सालीं छापून प्रसिद्ध झाली. त्यानें केलेला प्रयोग तुम्हांस घरीं सहज करतां येईल. मूठभर कणीक घट्ट मळून अर्धा तास झांकून ठेवा. मग तो गोळा वाडग्यांतील पाण्यांत धरून बोटांनीं हळूहळू चोळीत धुवा. पाणी दुधासारखें पांढरें होईल; तें ओतून दुसरें घ्या. असें पाणी स्वच्छ येईपर्यंत केलें म्हणजे हातांत भुरकट, चिवट, रबरासारखा ताणला जाणारा एक लहान गोळा राहील. तेंच ग्लुटेन. पांढऱ्या पाण्याच्या तळाशीं जो सांका बसतो तें पिष्ट. त्यावर आयोडीनचा एक थेंब टाकला कीं तें काळेंनिळें होतें. हाच प्रयोग ज्वारीच्या पिठानें करून पाहा. सगळा गोळा पाण्यांत विरघळून जाईल व हातांत कांहींच उरणार नाहीं.

तुमच्या आज्या उन्हाळ्यांत कुरडया करतात, तेव्हां हाच प्रयोग त्या मोठ्या प्रमाणावर करीत असतात. गहूं तीन दिवस भिजवून, वाटून त्याचा चीक काढतात व चोथा बाजूस टाकतात. नांव चीक असलें तरी तें बहुतेक पिष्टच. चिवट भाग चोथ्याबरोबर जातो. मात्र थोडा अंश चिकांतही राहतो, म्हणून कुरडई या रोग्यांस वर्ज्यच समजावी.

पोळी लाटतां येते, पाव फुगतो, जिलबीच्या पिठास तार येते, ही सर्व करामत या ग्लुटेनची. पावाच्या पिठांत खमिरामुळें जो वायु उत्पन्न होतो त्यास तें फुग्याच्या कातड्यासारखें कोंडून धरतें. ज्वारींत तें नाहीं, म्हणून ज्वारीची पोळी लाटतां येत नाहीं. भाकर थापावी लागते. तांदूळ, मका, बाजरी, नाचणी, वरई, राजगिरा, शिंगाडा, हरभरा, मूग, साबूदाणा यांतही तें नाहीं. जवांत मात्र त्याचें भावंड आहे. शुभवर्तमानांत त्या मुलाजवळच्या पांच भाकरी जवाच्या होत्या, हें शब्बाथशाळेंतील मुलांस ठाऊक आहे. आमच्या या विद्यार्थिनीस त्याही चालल्या नसत्या.

गव्हाचा दोष कसा उघडकीस आला, ती हकीकत मोठी विलक्षण आहे. या रोगाचें स्पष्ट वर्णन लंडनच्या सॅम्युअल जी या डॉक्टरांनीं १८८८ सालीं केलें, आणि रोगी बरा झालाच तर आहारानेंच होईल, हेंही त्यांनीं ओळखलें. पण कोणता आहार? १९२४ सालीं अमेरिकेंतील सिडनी हास यांनीं मुलांस केळ्यांवर ठेवून बरें केलें, व पुष्कळ वर्षें लोक केळ्यांस दिव्यौषधि मानीत राहिले. वस्तुतः गुण केळ्यांचा नव्हता; केळीं खातांना पाव सुटला होता, त्याचा होता. हॉलंडमध्यें हेग शहरीं मुलांच्या रुग्णालयाचे प्रमुख विलेम डिके यांस गव्हाविषयीं संशय दुसऱ्या महायुद्धापूर्वींच आला होता. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत त्या देशांत भयंकर दुष्काळ पडला. पाव मिळेना, लोक ट्यूलिपचे कंद खाऊन राहिले. सारीं मुलें रोडावत असतां या रोगाचीं मुलें मात्र त्यामानानें बरीं राहिलीं, आणि पाव पुन्हां मिळूं लागतांच तीं पुन्हां आजारी पडलीं. डिके यांनीं मग मोजमाप घेऊन प्रयोग केले व १९५० सालीं उत्रेख्त विद्यापीठास आपला प्रबंध सादर केला. एका डॉक्टरानें दुष्काळांतही डोळे उघडे ठेवले, म्हणून आज नागपुरांत बसलेला डॉक्टर यवतमाळच्या मुलीस काय खाऊं नये तें सांगूं शकतो.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. यवतमाळ हा कापसाचा मुलूख. पण पोटासाठीं येथला शेतकरी पिढ्यान् पिढ्या ज्वारी पेरीत आला. भाकर ज्वारीची, कण्या ज्वारीच्या, आंबील ज्वारीची, आणि थंडींत हुरडाही तिचाच. गव्हाची पोळी सणावारीं किंवा पाहुणा आला म्हणजे. पुढें सोयाबीन आलें, ज्वारीचें रान आटलें. स्वस्त धान्याच्या दुकानांतून गहूं घरोघर पोंचला, आणि भाकर ही गरिबाची व पोळी ही मोठ्याची अशी एक भ्रामक समजूत वाढली. आमच्या वसतिगृहांतही पोळीच चढली, ती कांहीं अंशीं याच समजुतीनें. २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रसंघानें हिंदुस्थानच्या सूचनेवरून भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, तेव्हां शहरांतील लोक ज्वारीचीं बिस्किटें भारी दामानें घेऊं लागले. आर्णी-घाटंजीकडच्या म्हाताऱ्यांस त्याचें हंसूं आलें असल्यास नवल नाहीं.

भाकरीचा प्रश्न त्या मुलीपुरता सहज सुटला. गोडाचा सुटेना. तुम्हीं कधीं मोजलें आहे काय, आपल्या नाताळच्या फराळांत किती पदार्थ गव्हाचे असतात? करंजी मैद्याची, शंकरपाळे मैद्याचे, लाडू रव्याचे, केक मैद्याचा, शेवयांची खीर गव्हाची. पुढच्या नाताळांत आपण सर्वांनीं हें खावें व तिनें बाजूस बसून केळें सोलावें, हें आम्हांस बघवेना. म्हणून आम्हीं घरींच प्रयोग मांडिले.

पहिल्या प्रयोगांत मैद्याच्या जागीं तितकेंच ज्वारीचें पीठ घातलें. केक दिसावयास बरा झाला, परंतु सुरी लावतांच त्याची वाळू झाली. दुसऱ्या वेळीं अंडीं वाढविलीं. केक उभा राहिला, पण दांतांखालीं कचकच लागे. तिसऱ्या वेळीं आमच्या मातोश्री चुलीजवळ बसून हा सारा खटाटोप पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "भाकरीच्या पिठाले आधन लागते, मंग तुह्या केकाले काऊन नाई?" पदवीधरास जें सुचलें नव्हतें तें त्यांस सुचलें. उकळतें पाणी पडलें कीं पिठांतील पिष्ट फुलून चिकट होतें. ग्लुटेन नसतांही पीठ पिठास धरतें. भाकर मोडूं नये म्हणून बायका जें रोज करतात, तेंच केकासही लागू आहे.

तेव्हांपासून आमचा केक असा होतो. ज्वारीचें ताजें, वस्त्रगाळ पीठ १५० ग्राम व तांदळाचें पीठ ५० ग्राम घ्यावें. ज्वारीच्या पिठांतील तिसरा हिस्सा वेगळा काढून त्यावर अर्धा पेला उकळतें दूध ओतावें, ढवळावें व झांकून निवूं द्यावें. चमचाभर जवस भाजून कुटावें व तीन चमचे पाण्यांत भिजवावें; थोड्या वेळानें त्यास अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी बुळबुळीत तार येते, आणि ग्लुटेनचें थोडें काम ती करते. तीन अंडीं १५० ग्राम बारीक चिरलेल्या गुळाबरोबर गूळ विरघळेपर्यंत फेंटावीं. त्यांत ८० ग्राम पातळ केलेलें तूप, दोन कुस्करलेलीं पिकलेलीं केळीं, भिजलेलें जवस, ती उकड, उरलेलें पीठ, चिमूटभर मीठ व वेलदोड्याची पूड मिसळावी. मग हें मिश्रण अर्धा तास स्वस्थ ठेवावें. घाई करूं नये, कारण ज्वारीचा कण सावकाश भिजतो, व कचकच याच अर्ध्या तासांत जाते. अगदीं शेवटीं दीड लहान चमचा बेकिंग पावडर घालून, तूप लाविलेल्या भांड्यांत ओतून लगेच भट्टींत ठेवावें. विजेची भट्टी असल्यास १८० अंशांवर सुमारें चाळीस मिनिटें. नसल्यास मोठ्या पातेल्यांत दोन बोटें वाळू घालून, वर एक वाटी पालथी ठेवून, झांकण लावून तें दहा मिनिटें तापवावें. मग केकाचें भांडें आंत ठेवून मंद आंचेवर पाऊण तास द्यावा. मध्यभागीं सुई घालून ती कोरडी निघाली म्हणजे झालें. पूर्ण निवल्यावांचून कापूं नये. ऊन असतां तो मोडतोच. दुसऱ्या दिवशीं मैद्याच्या केकापेक्षां तो लवकर कोरडा पडतो, म्हणून डब्यांत झांकून ठेवावा. अंडीं न खाणाऱ्यांनीं जवस दुप्पट करून दही घालावें. पण केक बसका होईल, हें आधींच सांगून ठेवितों.

परंतु खरें पाहतां केकाचा हट्ट तरी कशास? आपल्या देशांत गव्हावांचूनच्या मिष्टान्नांस तोटा नाहीं. आमचे हिंदु शेजारी उपवासास धान्य वर्ज्य करतात. त्यांचे राजगिऱ्याचे लाडू, शिंगाड्याचा शिरा, साबूदाण्याची खीर हे सर्व पदार्थ या मुलांस चालणारे. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत नाताळांत दोदोल करतात, तो तांदळाचें पीठ, नारळाचें दूध व काळा गूळ घोटून केलेला. आमच्या दृष्टीनें मात्र सर्वांत श्रेष्ठ अनारसा. तांदूळ तीन दिवस भिजत ठेवावे व पाणी रोज बदलावें; मग निथळून, सावलींत फडक्यावर पसरून, ओलसर असतांनाच कुटावे व चाळावे. पिठाच्या जवळ जवळ बरोबरीनें गूळ व थोडें तूप घालून गोळे चार-पांच दिवस मुरत ठेवावे. नंतर खसखशीवर थापून, मंद आंचेवर तुपांत, खसखशीची बाजू वर ठेवून एकाच बाजूनें तळावे. आंच जास्त झाली किंवा पीठ ओलें राहिलें तर अनारसा कढईंत पसरून फुटतो. त्यास बायका 'अनारसा हंसला' म्हणतात. तो हंसला कीं करणारी रडते. मैद्याच्या करंजीस जें ग्लुटेन धरून ठेवतें तें येथें नाहीं. येथें सारी भिस्त मुरलेल्या गुळावर व हाताच्या अंदाजावर.

याहून सोपे हवे असल्यास ज्वारीच्या लाह्या गुळाच्या पाकांत घालून लाडू वळावे. बेसनाचे लाडू, तिळाच्या वड्या, खोबऱ्याच्या वड्या तर मुलांसही करतां येतील. आणखी एक पदार्थ सांगावयाचा आहे, पण त्याचें नांव घेतांच कांहीं पालकांच्या कपाळास आठ्या पडतील : मोहफुलें. मोहाची दारू होते हें खरें. पण दारू होते ती फुलांतील साखरेची, आणि ती साखर देवानेंच त्यांत घातली आहे. झरी, मारेगांव, केळापूर भागांतील कोलाम व गोंड कुटुंबें उन्हाळ्याच्या तोंडीं पहांटे जंगलांत जाऊन हीं फुलें वेंचतात. वाळलेलीं फुलें निवडून, आंतले केसर काढून, भाजून तिळाबरोबर कुटावीं व लाडू वळावे. गूळ लागला तर अगदीं थोडा. या लाडवांची कृति आम्हांस त्या मुलीच्या आईनेंच दाखविली.

पदार्थ निवडणें सोपें. तो निर्मळ ठेवणें कठीण. या पथ्यांत 'थोडेंसें चालतें' हें नाहीं. आपल्या देशाच्या अन्नविषयक नियमाप्रमाणें ज्या पदार्थावर ग्लुटेनमुक्त असें छापावयाचें, त्याच्या एक किलोंत ग्लुटेन २० मिलिग्रामच्या वर असतां कामा नये. २० मिलिग्राम म्हणजे चिमूटभर मिठाहूनही कितीतरी कमी! आणि आपण काय करतों? गल्लींतल्या चक्कीवर आधींच्याचा गहूं दळून होतांच त्याच जात्यांत आपली ज्वारी ओततों. त्या मुलीचें पथ्य सुरू होऊन चार महिने झाले तरी प्रकृति म्हणावी तशी सुधारेना, तेव्हां चोर सांपडला तो चक्कींत. घरचें गांवचें पीठ चाले, येथलें चालेना. कारण गांवीं तिची आजी जात्यावर दळी. आतां वसतिगृहांत तिच्यासाठीं एक दगडी जातें आहे व त्यावर गहूं कधींच पडत नाहीं. ज्यांस जातें शक्य नाहीं त्यांनीं तांदूळ धुवून वाळवून घरच्या यंत्रांत दळावे.

दुसरा चोर हिंग. बाजारी बांधलेल्या हिंगांत पुष्कळदां गव्हाचें पीठ असतें. तिसरा चोर मिठाईचें दुकान : बेसनाच्या लाडवांत रवा, पेढ्यांच्या परातीशेजारीं बालुशाही, आणि ज्या कढईंत शंकरपाळे तळले तिच्यांतच अनारसे. ओट हें धान्य स्वतः बहुतेकांस सोसतें, पण गव्हाच्या संगतीनें बिघडलेलें असतें. माल्ट घातलेलीं पेयें जवाचीं. आणि जव व जवस यांत घोंटाळा करूं नका! एक अक्षर गळलें कीं उपकारी बीं जाऊन अपकारी धान्य येतें. आमच्याच एका विद्यार्थ्यानें किराण्याची यादी लिहितांना हें अक्षर गाळलें होतें. शुद्धलेखनाचे गुण कां कापतात, हें त्या दिवशीं त्यास पटलें. घरीं पोळीचें लाटणें, पोळपाट, पीठ लागलेली चाळणी हींही वेगळीं ठेवावीं लागतात. हें सोंवळें नव्हे. ही स्वच्छता आहे, आणि ती मुलाच्या दोषामुळें नसून गव्हाच्या दोषामुळें आहे, असें घरांतील प्रत्येकानें त्या मुलास जाणवूं दिलें पाहिजे.

याउलट, हा लेख वाचून धडधाकट माणसानें गहूं सोडावा असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. अलीकडे तशी एक टूम निघाली आहे. ज्यास गव्हाचा असा कांहीं त्रास नाहीं त्यास गव्हापासून अपाय नाहीं. शिवाय गव्हावांचूनचा केक झाला म्हणून त्यांतील गूळ व तूप कांहीं पथ्यकर होत नाहीं. मधुमेहाच्या रोग्यानें 'हा ज्वारीचा आहे' म्हणून तीन तुकडे खाऊं नयेत.

त्या पुढच्या नाताळांत भोजनगृहांतील पहिलें ताट वसतिगृहाच्या मोठ्या मुलींनीं वाढलें : ज्वारीचा केक, अनारसे, मोहाचे लाडू. मैद्याचे डबे उघडण्यापूर्वीं तें वाढून झालें होतें, म्हणजे हातांचे कण इकडचे तिकडे जाण्याची भीति नव्हती. तिनें केकाचा तुकडा घेतला, क्षणभर आमच्याकडे पाहिलें, आणि खाल्ला. दुसरा मागून घेतला.

एक प्रश्न आमच्या मनांत आलाच नव्हता. तो तिनें विचारिला. गेल्या वर्षीं तिचें दृढीकरण व्हावयाचें होतें. "सर, प्रभुभोजनाची भाकर गव्हाची असते ना? मग मीं काय करावें?" रोमन कॅथॉलिक मंडळींत ती भाकर गव्हाचीच असावी असा नियम आहे, तेथें अशा रोग्यांसाठीं अत्यल्प ग्लुटेनची भाकर किंवा केवळ प्याला, असा मार्ग ठेविला आहे. आमच्या मंडळीच्या पाळकसाहेबांनीं पंचांसमोर प्रश्न मांडिला. एक वृद्ध पंच म्हणाले, इतकासा तुकडा काय बाधणार? त्यांस २० मिलिग्रामाचा हिशेब सांगावा लागला. शेवटीं ठरलें तें असें : तांदळाच्या भाकरीचा तुकडा वेगळ्या बशींत, झांकून, मोठी भाकर मोडण्यापूर्वीं तो बाजूस ठेवावा, आणि प्याल्यांत कोणाची भाकर बुडण्याआधीं तो प्रथम तिच्याकडे जावा. त्यामुळें वेदीपाशीं आतां तिची जागा ओळींत पहिली असते. ती भाकर कोणीं करावयाची याची पाळी तिच्या मैत्रिणींनीं आपसांत लावून घेतली आहे. तांदूळ मात्र ती स्वतः धुवून, वाळवून, आपल्या जात्यावर दळून देते.